तिसरा तास

वजनकाटा भिंतीपासून चार हात पुढे, खोलीच्या मधोमध आणून ठेवला होता. डायलिसिसच्या खोलीचं दार ढकलून म्हातारा आत आला, दोन वर्षांच्या सवयीनं डावीकडे वळला, आणि डावीकडे काहीच नव्हतं. म्हणजे भिंत होती, भिंतीला ठोकलेला लोखंडी कठडा होता, फरशीवर काट्याच्या चार पायांचे चार पांढुरके ठसे होते. काटा तेवढा नव्हता. जिना संपलेला कळू नये, आणखी एका पायरीसाठी पाऊल खाली सोडावं आणि टाच जमिनीवर आदळावी, तसं त्याला झालं. "इकडे, काका," सिस्टर म्हणाली. "आज इकडे आहे." ती नोंदीची पाटी पोटाशी धरून काट्यापाशी उभी होती आणि काट्याच्या चारही बाजूंना नुसती हवा होती. टेकायला म्हणून काही नव्हतं. त्यानं चपला काढल्या, काठी तिच्याकडे दिली आणि वर चढला. दोन्ही हात मांड्यांना चिकटून राहिले. लाल आकडे धावले, थबकले, आणखी एक घर पुढे सरकले आणि थांबले. एकसष्ट किलो सातशे. सिस्टरनं आकडा पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पाटीवरचा परवाचा आकडा पाहिला, आणि काही न बोलता लिहून घेतलं. त्या न बोलण्यानंच त्याचा अर्धा जीव गेला. रोज तोंडाचा पट्टा चालवणारं माणूस गप्प बसलं की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

त्याचं कोरडं वजन अठ्ठावन्न. कोरडं म्हणजे अंगातलं जादा पाणी काढून टाकल्यावर जेवढा माणूस उरतो तेवढं. मूत्रपिंडं थकली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून ते काढावं लागतं. आल्यावर जे वजन भरेल त्यातून अठ्ठावन्न वजा करायचे, उरेल तेवढं पाणी काढायचं, इतका सरळ मामला. त्याचा आकडा साठ-तीनशेच्या आसपास घुटमळायचा. खोलीतल्या इतरांना सिस्टर त्याचा दाखला द्यायची. काटेवाले बघा, पाणी कसं मोजून पितात. आणि आज एकाएकी हे दीड किलो आलं कुठून, हे त्या खोलीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं. ते आलेलं नव्हतंच. सात महिने ते तिथंच होतं. भिंतीचा कठडा ते उचलून धरत होता.

खुर्चीत बसल्यावर त्यानं डावा हात पुढे केला. कोपराखाली कातडीच्या आत शिरेची जाड दोरी फुगलेली होती, बोट ठेवलं की आत माशी अडकल्यासारखी फुरफुरायची. सिस्टरनं दोन सुया घातल्या, नळ्या जोडल्या, रक्त यंत्राकडे निघालं. एरवी ती या वेळी सुनेच्या कागाळ्या सांगायची. आज तिनं यंत्रावर आकडे घातले, मधेच थांबली आणि टेबलाशी जाऊन फोन उचलला. त्याला पुसटसं ऐकू आलं. "हो डॉक्टर... तीन-सातशे... एवढं एकदम?... बरं, तीनच काढते, बाकीचं पुढच्या वेळी... नाही, त्यांना काही बोलले नाही अजून." अजून. त्या शब्दावर त्याचं मन येऊन बसलं ते उठेना. अजून म्हणजे बोलायचं ठरलंय. म्हणजे काटा आपोआप हललेला नाही, कुणीतरी सांगितलंय. कुणी? त्यानं डोळे मिटल्यासारखे केले आणि पापण्यांच्या फटीतून एकेक माणूस तपासायला सुरुवात केली.

माणसं तपासणं हा त्याचा पन्नास वर्षांचा धंदा होता. नावाला तो काटे दुरुस्त करायचा. घाऊक बाजारातले लोंबते काटे, वखारीतले जमिनीत बसवलेले, औषधवाल्याचे काचपेटीतले नाजूक. पण काटा सहसा खोटं बोलत नाही, बोलवणारा माणूस असतो, हे त्याला मिसरूड फुटायच्या आत कळलं होतं. कुणी पारड्याच्या बुडाला मेण लावायचा, कुणी दांडीत शिसं भरायचा, कुणी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत करंगळी टेकवायचा. करंगळीवाले सगळ्यांत हुशार. काट्यात काही सापडत नाही, आणि करंगळी तर माणसाला असतेच. तो दुकानात शिरला की नजर काट्याकडे नाही, आधी हातांकडे जायची. अशा एका धान्यवाल्याला त्यानं भर बाजारात मनगट धरून उभं केलं होतं. तो माणूस रडला, पाया पडला, म्हणाला, दादा, सवय लागली हो, कळतच नाही कधी टेकतं. तेव्हा त्याला त्या माणसाची शिसारी आली होती. आणि सात महिन्यांपूर्वी, भिंतीकडच्या काट्यावर चढताना, तोल सावरल्यासारखं करून त्यानं स्वतःची दोन बोटं कठड्यावर टेकवली. दाबायचं नाही. दाबलं की खांदा चढतो, बघणाऱ्याला कळतं. हाताचं वजन तेवढं बोटांतून कठड्याला द्यायचं. एक किलो चारशे. आत येताना तेवढं आणि बाहेर जाताना तेवढंच, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना साक्ष राहतात. म्हातारा माणूस धरणारच कठडा. सिस्टर तर स्वतःच म्हणायची, धरा काका, पडाल.

हे त्यानं केलं ते जबड्यासाठी. आधीआधी तिसऱ्या तासाला, वजन अठ्ठावन्नकडे उतरायला लागलं की, डाव्या जबड्याच्या कोपऱ्यात, कानाखाली, एक दुखणं यायचं. दाढेचं म्हणावं तर त्या बाजूला दाढ उरली नव्हती. कुणीतरी अंगठ्यानं आतून हाड दाबत बसावं तसं ते पंधरा-वीस मिनिटं दाबायचं. कपाळाला घाम यायचा, जीभ कोरडी पडायची, मग आपसूक ओसरायचं. तीनदा असं झालं. चौथ्या वेळी त्यानं बोटं टेकवली, शेवटचं दीड किलो अंगातच ठेवलं, आणि जबडा गप्प राहिला. आपण रोग ओळखला आणि औषधही शोधलं, याचा त्याला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. बाहेर येऊन त्यानं लेकीला म्हटलं, आज बरं वाटतंय. पुढे पाय सुजायला लागले, एका उशीच्या तीन उशा झाल्या, लेकीकडचा एक मजल्याचा जिना चढताना मधल्या कठड्याशी थांबून खिसे चाचपडल्याचं नाटक करावं लागायला लागलं. ते पाणी आहे, आपणच साठवलेलं, हे त्याला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. ते काट्यावरचा अठ्ठावन्न बघायचे आणि म्हणायचे, वजन तर बरोबर आहे, मग दम का लागतो? हृदय बघायला हवं.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते, चाळिशीचे, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणारे. त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, औषध टोचून यंत्राखाली फोटो घेतले. मग समोर बसवून विचारलं, "काका, छातीत दुखतं?" तो म्हणाला, "छातीत? नाही." हे खरं होतं. त्याच्या धंद्यात विचारलं तेवढंच सांगायचं असतं; छातीचं विचारलं, छातीचं सांगितलं. लेक शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं जे द्रव्य हृदय दुखावलं की वाढतं, ते डायलिसिसवाल्यांत एरवीही वाढलेलंच असतं, त्यामुळे तो आकडा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. तेव्हा त्यानं म्हटलं होतं, "म्हणजे काटा शून्यावर बसत नाही. बाद करा तो." डॉक्टर हसले. "बाद नाही करत. दर वेळी किती हलतो ते बघतो." मग पुढचं सांगितलं. या आजारात हृदयाच्या नळ्यांत चुना साठतो. फोटोत एका बाजूला रक्त कमी पोचल्यासारखं दिसतंय. जांघेतून बारीक नळी आत सरकवून, रंग सोडून, कुठं किती अडलंय ते बघावं असं वाटतं. हातातून नको, हाताच्या शिरा डायलिसिससाठी जपायच्या. लेकीनं विचारलं, बघून काय करणार? डॉक्टर म्हणाले, अडलं असेल तर जाळीची नळी बसवू, नाहीतर गोळ्या. "पण गोळ्यांनी भागेल का, यांच्या वयाला आणि या आजारात, हे छातीठोक कुणी सांगणार नाही. मोठाले अभ्यास झालेत ते बहुतेक यांच्यापेक्षा धडधाकट माणसांवर." आणि रंगानं उरलंसुरलं मूत्रपिंड आणखी बसू शकतं, हेही सांगितलं. म्हाताऱ्याच्या कानांनी तेवढंच घरी आणलं.

कारण सकाळी एक पेलाभर लघवी त्याला अजून होत होती. एवढीशी गोष्ट, कुणाला सांगायची सोय नाही. पण पंचाहत्तराव्या वर्षी, दुसऱ्याच्या घरात राहताना, यंत्राच्या नळीला बांधलेल्या अंगात, जे एक काम त्याचं शरीर स्वतःहून करत होतं ते हे होतं. तो मोरीचं दार लावून घ्यायचा, वाट बघायचा, आणि झालं की दिवस सुरू झाला असं वाटायचं. नळीवाल्यांना त्याचं काय. रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर हृदयाचं नवं यंत्र बसवलंय हे त्यानं लिफ्टमधल्या पाटीवर वाचलं होतं, आणि नवं यंत्र आणलं की त्याला गिऱ्हाईक लागतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यात जावई. जावई भला माणूस, वर तोंड करून बोलायचा नाही, "हो बाबा, चला बाबा," एवढंच. आठवड्यातून तीनदा कामावर उशिरा जाऊन त्याला आणून सोडायचा. एवढा चांगुलपणा फुकट कसा असेल? परवा काचेच्या दारापलीकडे जावई आणि डॉक्टर बोलत उभे होते. डॉक्टरांनी तळहात आडवा धरून हवेत सपाट फिरवला. जावयानं मान हलवली. तो आडवा हात म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढून हटेना. खेळ आटोपला असं सांगताना माणूस असाच हात फिरवतो. आणि आज सकाळी लेकीनं संमतीचा कागद घडी घालून त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. "डॉक्टर अकराला खाली येणार आहेत, बाबा. सही करा नाहीतर करू नका, पण आज काय ते सांगून टाका. मी बाहेर बाकावर आहे." करू नका, असं म्हणणारी माणसं जास्त घाई करतात, असं त्याच्या मनात आलं होतं.

"काय काटेवाले, आज तोंड शिवलंय वाटतं," शेजारच्या खुर्चीतला शिंपी म्हणाला. तो सहा वर्षं जुना, खोलीतला सगळ्यांत थोरला रुग्ण. आयुष्यभर बायकांची पोलकी शिवून त्याची मान पुढे वाकलेली होती.

"शिवायचं काम तुमचं."

"मी शिवलं असतं तर टाका दिसला नसता." शिंपी हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "किती आलं आज?"

"का? तुम्हाला कुणी काही विचारलं काय?"

"मला कोण विचारतंय. सिस्टरचं तोंड बघितलं म्हणून म्हटलं. कुठं लग्नाबिग्नाला जाऊन सरबत ढोसलंत का?"

म्हाताऱ्यानं शिंप्याकडे निरखून पाहिलं. शिंपी रोज त्याच्याआधी येतो. काट्यावर चढताना त्याची पाठ शिंप्याकडे असते. पाठीमागून खांदा दिसतो. शिंप्याला खांदे कळतात. यानंच सांगितलं असेल. पण मग हा असा मोकळा कसा हसतो? का हसण्यानंच झाकतोय? त्यानं विषय काढून बघितला. "तुमची ती नळीची तपासणी झाली होती ना मागच्या साली. त्यानंतर तुमची ती... बंद झाली."

"काय, लघवी? झाली की. नाहीतरी वाटीभर उरली होती." शिंप्यानं खांदा उडवला. "रंगानं गेली का आपल्या पायांनी गेली, कोण सांगणार. दोन महिने मी पण मोरीत उभा राहायचो. बायको म्हणायची, आत काय नवस बोललाय का. आता सुटलो. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, ते तरी संपलं."

"आणि तपासणीच्या आधी डॉक्टर घरच्यांना काय म्हणाले होते?"

"म्हणणार काय? मुलाला विचारलं, हे सपाट झोपू शकतात का." शिंप्यानं मोकळा हात आडवा धरून हवेत फिरवला. "तासभर असं सपाट राहावं लागतं. दम लागणाऱ्याला जमत नाही."

तोच हात. तसाच आडवा, तसाच सपाट. म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला. बरं वाटायला हवं होतं, पण बरं वाटेना. एक संशय गेला की त्याची जागा मोकळी राहत नाही, दुसरा येऊन बसतो. जावयानं मान हलवली ती कशी होती, हो म्हणून की नाही म्हणून? तीन उशांचं जावयाला माहीत आहे. उशा तोच आणून देतो. यंत्राच्या पडद्यावर काढलेल्या पाण्याचा आकडा चढत होता, सव्वा, एक-तीनशे, एरवीपेक्षा भरभर. घड्याळात पावणेदोन तास झाले होते. पोटऱ्यांत बारीक ओढ सुरू झाली होती. त्याला कळत होतं की आज हे लोक त्याला त्या ठिकाणापलीकडे नेणार आहेत जिथं तो सात महिने गेला नव्हता, आणि थांबवायचं तर का थांबवायचं ते सांगावं लागणार. कदाचित हाच डाव असेल. विचारायचं नाही, नुसतं पाणी काढत राहायचं, आणि बघायचं म्हातारा कधी बोलतो. त्यानं बाजारात असंच केलं होतं की. धान्यवाल्याला काही न बोलता त्याच्या काट्यासमोर नुसता उभा राहिला होता, अर्धा तास, आणि तो माणूस आपणहून फुटला होता.

दोन तास झाल्यावर सिस्टर रक्तदाब घ्यायला आली. पट्टा फुगला, सुटला. तिनं आकडा लिहिला, पुन्हा गप्प. ती वळली तशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय, काका?"

"उगाच आडून आडून नको. कठड्याचं कुणी सांगितलं? शिंप्यानं?"

"मी काय केलं बाबा," शिंपी म्हणाला.

सिस्टर खरोखर गोंधळली होती. "कुठल्या कठड्याचं?"

"मग काटा का हलवला?"

"भिंतीत ओल आलीय. उद्या नळवाले फोडणार आहेत, काट्यावर माती नको म्हणून सरकवला." तिनं मागे वळून त्या भिंतीकडे पाहिलं. खरंच, कठड्याच्या वर हातभर काळपट डाग होता. तो सकाळीही तिथंच असणार, त्याला दिसला नव्हता. "आणि मी गप्प होते ती तुमच्यावर रागावले होते म्हणून. दीड किलो पाणी जास्त पिऊन आलात, डॉक्टर म्हणाले आज ओरडू नका, रक्तदाब वाढेल." ती बोलता बोलता थांबली. भिंतीवरून तिची नजर कठड्यावर आली, कठड्यावरून काट्याच्या जुन्या ठशांवर, आणि तिथून सावकाश त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. कुणी पकडलं नव्हतं. कुणी शोधतही नव्हतं. त्यानं आपलं आपणच मनगट धरून भर बाजारात उभं केलं होतं.

"किती?" तिनं विचारलं.

"एक किलो चारशे."

"कधीपासून?"

"सात महिने झाले."

तिनं पाटीवरची मागची पानं उलटली. मग म्हणाली, "काका, त्या प्रत्येक आकड्यापुढे माझी सही आहे." ओरडली असती तर बरं झालं असतं. "डॉक्टरांना सांगते मी. पण का केलंत ते काय सांगू?"

त्यानं मान यंत्राकडे वळवली. ती टेबलाकडे गेली, फोन उचलला, पाठ करून बोलू लागली, आणि नेमकं तेव्हा, कानाखाली, हाडाच्या आत, अंगठा येऊन बसला. हलकाच. ओळखीचा. त्यानं घड्याळ पाहिलं. तिसरा तास लागला होता. वीस मिनिटं, त्यानं स्वतःला समजावलं. पूर्वीही गेलंय, आताही जाईल. ती फोनवर पाण्याचं सांगते आहे. पाण्याचं कळलं म्हणजे दम कशानं लागतो ते कळलं, म्हणजे हृदयावरचा संशय आपोआप फिटला, नळीही टळली. गप्प राहिलं की झालं. चुकीतून केवढी सोय झाली. अंगठा जोरात दाबू लागला. घाम मानेवरून सदऱ्यात उतरला. डावा हात जड वाटू लागला, पण डाव्या हातात सुया होत्या, तेव्हा ते सुयांचं की दुसरं कशाचं हे ठरवता येईना. त्याला आता स्वतःच्या हाताचाही भरवसा वाटेना. डॉक्टर आता असं म्हणणार, दम पाण्याचा होता, छातीत तर यांना दुखतच नाही. छातीत? नाही. त्यानं ते उत्तर दिलं तेव्हा किती सफाई होती त्यात. खांदाही चढला नव्हता. समोरचा माणूस पेनाचं टोपण उघडझाप करत त्या उत्तरावर आपलं सगळं शास्त्र तोलत बसला होता, आणि याची करंगळी पारड्यावर होती. शिंपी आपल्या आजाराची थट्टा करत होता, लेक बाहेर बाकावर बसली होती, यंत्र पाणी ओढत होतं, आणि त्या सगळ्या इमारतीत काय चाललंय हे कळणारा माणूस एकच होता, आणि तो गप्प होता. एकाएकी त्याला फार एकटं वाटलं. त्यानं हाक मारली, "सिस्टर." आवाज निघालाच नाही धड. पुन्हा मारली. शिंप्यानं मान वळवली, त्याचा चेहरा पाहिला आणि सहा वर्षांत कधी चढवला नव्हता तेवढा आवाज चढवला. "सिस्टर, फोन ठेवा आधी. इकडे या."

मग बरंच काही एकदम झालं. यंत्राचं पाणी ओढणं बंद केलं, थोडं पाणी उलट परत दिलं, खुर्ची मागे टाकून पाय वर केले, नाकाशी प्राणवायूची नळी आली. "कुठं?" सिस्टर विचारत होती. त्यानं बोटानं जबडा दाखवला. "दात?" "नाही. नेहमीचं आहे. तिसऱ्या तासाला येतं. म्हणूनच बोटं टेकवत होतो." हे वाक्य इतकं सोपं होतं की सात महिने आपण कशावर बसलो होतो ते त्याला कळेना. छातीवर चकत्या चिकटवल्या, पट्टी सरकत बाहेर आली. हृदयाचे डॉक्टर अकराच्या आधीच आले, पट्टी उजेडाकडे धरून उभे राहिले. "हं," ते म्हणाले. "त्या दिवशी ही रेघ सरळ होती. आज खाली गेलीय. दुखत असताना काढली म्हणून सापडली." मागून लेक आली. तिला सिस्टरनं दारातच सगळं सांगितलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही. ती खुर्चीच्या पायथ्याशी उभी राहिली आणि त्याच्या सुजलेल्या पावलावर तिनं हात ठेवला. बोट दाबून उचललं, खळगा पडला, तो भरून यायची वाट बघत राहिली.

एवढ्यात जबड्यातला अंगठा सैल पडू लागला होता. डॉक्टर स्टूल ओढून बसले. टोपण खिशातच होतं. "काका, आता नीट ऐका. पाणी ओढणं थांबवलंय. एवढ्यानं दुखणं पूर्ण गेलं, तर घाई नाही. आजपासून गोळी, आणि यापुढे चारऐवजी पाच तास, पाणी हळूहळू काढायचं, खऱ्या वजनावर. नळीचं नंतर बघू, कदाचित लागणारही नाही. पण बसल्या जागी, काही न करता, ते अजून दुखत असेल, तर मला आजच वर न्यायला लागेल. रंग जितका कमी वापरता येईल तितका वापरीन. लघवी राहील असं वचन देत नाही." त्यांनी पट्टीची घडी घातली. "आणि ते दुखतंय की नाही हे मला कुठलंच यंत्र सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचं. आत्ता दुखतंय?"

"नाही," तो म्हणाला.

छान, स्वच्छ उत्तर आलं. डॉक्टरांनी यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. सिस्टरनंही पाहिलं. शिंप्यानं मान लांब करून पाहिलं. कुणाचा काही हेतू नव्हता, पण तिघांच्याही नजरा त्याच्या तोंडावरून उचलून आकड्यांवर गेल्या, आणि त्याला ती नजर ओळखू आली. ती त्याची स्वतःची नजर होती, पन्नास वर्षं वापरलेली. यापुढे तो भूक लागली म्हणाला तरी लोक आधी दुसरीकडे बघून खात्री करून घेतील. लेक तेवढी पडद्याकडे वळली नाही. पावलावरचा हात तिनं काढला नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. रागानं नाही, मायेनंही नाही. दुकानात नवा माणूस आला की बघतात तसं, कोण आहे म्हणून.

"खरंच, बाबा?"

सकाळचा पेला त्याच्या डोळ्यांपुढे आला. मोरीचं लावलेलं दार आलं, आतली शांतता आली. अंगठा जवळजवळ गेला होता. जवळजवळ. एवढ्याशा उरलेल्याला कुणी दुखणं म्हणणार नाही. त्यानं पन्नास वर्षांत याहून मोठे फरक चालवून घेतले होते. त्यानं मोकळा हात उचलला, कानाखाली नेला आणि ती जागा बोटानं चाचपून नक्की केली.

"थोडं आहे अजून," तो म्हणाला. "इथं."